गूगल प्लेवर पेड ॲप: दुकान चांगलं, फळी चुकीची

गूगल प्लेकडे ॲप विकणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर एका छपराखाली दोन दुकानं दिसतात. एकात ॲप फुकट उतरवता येतं आणि पैशाचा विषय आत गेल्यावर निघतो. दुसऱ्यात ‘इन्स्टॉल’च्या जागी बटणावर थेट किंमत असते, आधी पैसे, मग ॲप. पहिल्याला पाचपैकी चार तारे. दुसऱ्याला दोन, आणि त्यातलाही एक केवळ महिन्याचा हिशोब वेळेवर येतो म्हणून. इथे परीक्षण आहे ते या दुसऱ्या दुकानाचं. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून शब्दकोश, उधारीची वही, स्पर्धा परीक्षेचा प्रश्नसंच, एखादा छोटा खेळ असं काही करणाऱ्यांसाठी ते आहे. मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं असतं.

आधी भाडं. प्लेवर विक्रेत्याचं खातं उघडायला 25 डॉलर लागतात, तेही एकदाच. ॲपल दर वर्षी 99 डॉलर घेतं. डॉलर 85 रुपयांचा धरला आणि ॲप 99 रुपयांना ठेवलं, तर 15 टक्के कमिशन जाऊन एका प्रतीमागे 84 रुपये 15 पैसे येतात. म्हणजे प्लेचं भाडं 26 प्रती खपल्या की कायमचं वसूल. ॲपलकडे मात्र दर वर्षी पहिल्या 100 प्रती नुसत्या जागा टिकवायला जातात. या एका बाबतीत प्लेला तोड नाही.

15 टक्क्यांचा हा दर 1 जुलै 2021 पासून वर्षातल्या पहिल्या 10 लाख डॉलरच्या विक्रीला आहे, त्यापुढे 30. पण तो आपोआप लागत नाही. प्लेच्या कन्सोलमध्ये (विक्रेत्याच्या नियंत्रण पानावर) खात्यांचा गट तयार करायचा, आपली आणखी खाती असतील तर ती दाखवायची आणि अटी मान्य करायच्या, मग तो लागू होतो. ॲप लाइव्ह करण्याच्या घाईत हे राहून जातं आणि पहिल्या महिन्याचा हिशोब पाहिल्यावर डोळे उघडतात. (ॲपलच्या छोट्या व्यावसायिकांच्या योजनेतही 15च टक्के आहेत, आणि तिथेही अर्ज करावाच लागतो.)

कमिशनपेक्षा जास्त गफलत जीएसटीत होते. परदेशी डेव्हलपरचं ॲप भारतात विकलं गेलं तर 18 टक्के कर गूगल स्वतः गोळा करून भरतं. डेव्हलपर भारतातलाच असेल तर भारतातल्या गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या पैशावरचा कर ज्याचा त्याने बघायचा. नोंदणी असेल तर तो 99 रुपयांच्या पोटातच धरावा लागतो: 99 भागिले 1.18, म्हणजे मूळ किंमत 83 रुपये 90 पैसे आणि कर 15 रुपये 10 पैसे. त्यात कमिशनचे 14 रुपये 85 पैसे गेले की ढोबळमानाने 69 रुपये उरतात. किंमत ठरवताना बहुतेक जण डोक्यात 84 धरून बसलेले असतात. शिवाय टीडीएस आणि टीसीएस असे बारीक काप असतात. ते विवरणपत्रात वळते करून घेता येतात, पण त्यासाठी कागद जपून ठेवावे लागतात. आपल्या उलाढालीला नोंदणी लागते की नाही, हे सीएला विचारायचं ते ॲप लाइव्ह होण्याआधी. मार्चअखेर विचारलं तर उत्तर तेच मिळतं, फी जास्त पडते.

आता किमतीचं पान. मूळ किंमत रुपयांत टाकली की बाकी देशांचे रकाने विनिमय दराने आपोआप भरले जातात, आणि लोक ते तसेच सोडून पुढे जातात. 99 रुपयांचे अमेरिकेत सव्वा डॉलरही होत नाहीत. न्यू जर्सीत मुलाला बाराखडी शिकवायला ॲप शोधणाऱ्या पालकाला तीन डॉलर जड नाहीत. उलट सव्वा डॉलरचं ॲप बघून त्याला ते कामचलाऊ असावं असं वाटू शकतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आखाती देश एवढे रकाने तरी हाताने भरा; अर्ध्या तासाचं काम आहे. खालच्या टोकाला, 2015 साली गूगलने भारतासाठी किमान किंमत 50 रुपयांवरून 10 रुपयांवर आणली. ऐकायला छान. पण 10 रुपयांच्या ॲपमागे कमिशन जाऊन साडेआठ रुपये येतात, आणि 10 रुपयांच्या गिऱ्हाइकाचा तक्रारीचा मेल 200 रुपयांच्या गिऱ्हाइकाच्या मेलइतकाच लांब असतो.

सेल लावायची सोय आहे, पण तिलाही चौकट आहे: सूट किमान 30 टक्के, मुदत जास्तीत जास्त 8 दिवस, आणि एक सेल झाला की पुढच्यासाठी 30 दिवस थांबायचं. दिवाळीच्या आठवड्यात लावायचा असेल तर त्याआधीचा महिना मोकळा ठेवावा लागतो. 

या दुकानाची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्याचं दार एकाच बाजूला उघडतं. पेड ॲप कधीही फुकट करता येतं; फुकट झालेलं ॲप पुन्हा पेड करता येत नाही. करायचंच असेल तर नवीन पॅकेज नेमने (प्ले ज्यावरून ॲप ओळखतं त्या नावाने) नवीन ॲप टाकायचं, म्हणजे आधीचे डाउनलोड, तारे, अभिप्राय, शोधातली जागा सगळं शून्यावर. “आधी फुकट देऊ, लोकांना सवय लागली की किंमत लावू” हा बेत इथे चालत नाही. आणि “दोन दिवस फुकट करून डाउनलोड वाढवू” हा त्याहून घातक: त्यासाठी किंमतच शून्य केली तर एका क्लिकने पेड ॲप कायमचं संपतं. फुकट द्यायचंच असेल तर प्रोमो कोड आहेत, एका ॲपमागे तिमाहीला 500. ते वाटा, पण किमतीला हात लावू नका.

मग चाचणीची पायरी. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग (निवडक टेस्टरांपुरती चाचणी) करावं लागतं. आधी 20 टेस्टर लागत, डिसेंबर 2024 पासून 12. त्यांनी सलग 14 दिवस चाचणीत राहायचं. अट वाजवी आहे, त्यामागे कचरा ॲप रोखण्याचा हेतू आहे हेही खरं. पण ॲप पेड असेल तर क्लोज्ड आणि ओपन टेस्टिंगमधल्या टेस्टरलाही ते विकत घ्यावं लागतं! फुकट मिळतं ते फक्त इंटरनल टेस्टिंगमध्ये, जिथे 100 जणांपर्यंत घेता येतात, पण ते दिवस या 14 दिवसांत धरत नाहीत. म्हणजे चुलतभाऊ, ऑफिसातला सहकारी, शिकवणीतले विद्यार्थी अशी बारा माणसं गोळा करायची आणि वर त्यांना 99-99 रुपये खर्च करायला लावायचं. हेच ॲप फुकट ठेवून आतली सोय विकायला ठेवली तर अडचणच येत नाही: टेस्टरांचे मेल आयडी लायसन्स टेस्टरच्या यादीत घातले की त्यांची आतली खरेदी खोट्या कार्डावर होते, खिशाला तोशीस नाही.

एक छोटी, पण घरच्यांना न आवडणारी गोष्ट: वैयक्तिक खात्यावरून पैसे कमावणाऱ्या विक्रेत्याचा पूर्ण पत्ता प्लेच्या पानावर सगळ्यांना दिसतो. फ्लॅट नंबरसकट. संस्थेच्या नावाने खातं उघडलं तर कार्यालयाचा पत्ता देता येतो, पण त्यासाठी डन्स क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक) काढावा लागतो.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर पेड ॲप म्हणजे बंद डब्यातली मिठाई. चव बघायला मिळत नाही. एकरकमी किमतीच्या ॲपला प्लेवर ट्रायल नावाची सोयच नाही. त्याऐवजी रिफंड आहे: खरेदीपासून 48 तासांच्या आत गूगलकडे मागता येतो. सामान्य माणूस याकडे ट्रायल म्हणून बघत नाही, कारण ते बटण त्याच्या डोळ्यांसमोर नसतं. ज्याला ते माहीत असतं तो मात्र पुरेपूर वापरतो. यात मार कुठल्या ॲपला बसतो ते बघा. रोज लागणारी उधारीची वही 48 तासांत परत होत नाही, कारण त्यात दोन दिवसांच्या नोंदी पडलेल्या असतात. लग्नाचा बायोडाटा करून देणारं, फाइलचा आकार कमी करणारं, जुना फाँट युनिकोडमध्ये बदलून देणारं, दोन तासांत संपणारा खेळ, ही ॲप काम झालं की परत केली जातात. एकदाच लागणाऱ्या कामाचं ॲप पेड फळीवर ठेवू नये. त्याच्यासाठी कामागणिक दहा-वीस रुपये घेणारी आतली खरेदी बरी.

चोरीबद्दल बरंच बोललं जातं, पण हिशोब क्वचित मांडला जातो. तो मांडला होता लंडनच्या उस्टू या कंपनीने. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा त्यांचा 2014 चा खेळ जगभर गाजला. जानेवारी 2015 मध्ये त्यांनी सांगितलं की अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी जेमतेम 5 टक्के विकत घेतलेले होते, आयफोन-आयपॅडवर 40 टक्के. उरलेले सगळे चोरीचे नव्हेत, एकाच माणसाच्या दोन-तीन उपकरणांवरचे इन्स्टॉलही त्यात आहेत, हे त्यांनीच स्पष्ट केलं होतं. तरी फरक बोलका आहे. त्याआधी 2012 मध्ये ‘डेड ट्रिगर’ हा 99 सेंटचा खेळ त्याच्या कंपनीने अँड्रॉइडवर फुकट करून टाकला. कारण दिलं पायरसीचं. एक डॉलरही द्यायचा नसेल तर किंमत आणखी कमी करून उपयोग नसतो.

गूगल यावर लायसन्स तपासणारी लायब्ररी (ॲपमध्ये जोडायचा तयार कोड) देतं: ॲप उघडताना प्लेला विचारतं, या खात्याने पैसे भरले आहेत का. ती लावावी, पण दोन गोष्टी ध्यानात घेऊन. पहिली, तपासणीचं धोरण निवडताना कडक धोरण घेऊ नये. त्यात दर वेळी नेटवर्क लागतं, आणि आंबा घाटात एसटीत बसलेल्या, रीतसर पैसे भरलेल्या माणसाला ॲप दारातूनच परत पाठवतं. तो एक तारा देतो, आणि त्याचं बरोबरच असतं. उत्तर साठवून ठेवणारं, काही दिवसांची सवलत देणारं धोरण तयार मिळतं, ते घ्या. दुसरी, ही तपासणी फोनवरच होते, त्यामुळे ती काढून टाकलेला मॉड एपीके (ॲपची फेरफार केलेली फाइल) टेलिग्रामवर फिरायला वेळ लागत नाही. जे खरंच मौल्यवान आहे, म्हणजे रोजचे नवे प्रश्न, ताजे भाव, मोठा कोश, ते एपीकेत भरूच नका. सर्व्हरवर ठेवा आणि खरेदीची खात्री तिथेच करून मग द्या. नक्कल झालीच तर रिकाम्या खोक्याची होते.

नकलेचा दुसरा प्रकार कायदेशीर असतो, आणि तो जास्त लागतो. ‘थ्रीज’ हा आकडे जुळवण्याचा खेळ करायला 14 महिने लागले. फेब्रुवारी 2014 मध्ये तो ॲपलच्या स्टोअरवर पैसे देऊन मिळू लागला. मार्चमध्ये त्याच धाटणीचा ‘2048’ आला, फुकट. आज चौकात विचारलं तर कुठलं नाव लोकांना माहीत आहे हे सांगायला नको. कल्पना एका वाक्यात सांगता येत असेल, तर दारावर किंमत लावणं म्हणजे फुकटवाल्याला जागा मोकळी करून देणं.

हे सगळं सहन करता येईल. न जमणारा हिशोब वेगळाच आहे: पैसे एकदाच येतात आणि काम दर वर्षी येतं. प्लेचा नियम आहे की ॲपने अलीकडच्या अँड्रॉइडला धरून राहायचं, आणि त्याची वार्षिक तारीख साधारण 31 ऑगस्ट असते. 2025 मध्ये नवीन ॲप आणि अपडेटसाठी ती पातळी अँड्रॉइड 15 ची होती. जे ॲप बरंच मागे राहतं ते नव्या फोनवाल्या नव्या गिऱ्हाइकाला दुकानात दिसेनासं होतं. बिलिंगच्या लायब्ररीची प्रत्येक आवृत्ती साधारण दोन वर्षांत बाद होते. सी किंवा सी++ या भाषांतला कोड असलेल्या ॲपना 1 नोव्हेंबर 2025 पासून 16 केबी मेमरी पेजची (मेमरी 16 केबीच्या तुकड्यांत वापरणाऱ्या फोनवर चालण्याची) अट आली. यातली एकही गोष्ट गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यासाठी तो नवे पैसे देत नाही, आणि न केलं तर मात्र “नवीन फोनवर चालत नाही, पैसे परत द्या” असं लिहितो.

आकड्यांत बघा. वर्षाला 300 प्रती, 84 रुपयांनी, म्हणजे 25,200 रुपये. पहिल्या वर्षी हे वरकमाईसारखं वाटतं. चौथ्या वर्षी 1,200 जणांची जबाबदारी डोक्यावर असते, कमाई मात्र त्या वर्षीच्या 300 जणांचीच. खप उतरला तर मागच्यांचा बोजा पुढचे उचलू शकत नाहीत. जुन्या गिऱ्हाइकाकडून नव्या आवृत्तीचे थोडे पैसे घ्यायची सोय ना प्लेवर आहे, ना ॲपलकडे. नवीन ॲप म्हणून टाकलं तर “आधी घेतलं होतं, परत का?” आणि आत विकलं तरी सुटका नाही: मॉन्युमेंट व्हॅलीच्या नव्या टप्प्यांना नोव्हेंबर 2014 मध्ये दोन डॉलर लावले, तर आधीच्याच गिऱ्हाइकांनी एक-एक ताऱ्याची रांग लावली.

म्हणून आमचा कौल: ॲप फुकट उतरू द्यावं, आणि आत एकदाच घ्यायचं ‘पूर्ण आवृत्ती’ हे उत्पादन ठेवावं. ट्रायलची उणीव इथे आपणच भरून काढतो. प्रश्नसंच असेल तर दोन विषय पूर्ण खुले. वही असेल तर 20 खाती खुली, एकविसाव्याला पैसे. दिवस मोजू नका, काम मोजा; सात दिवसांच्या ट्रायलमध्ये माणूस चार दिवस गावाला गेलेला असतो.

करताना चुकतं ते तीन ठिकाणी. खरेदी झाली की ॲपने ती मिळाल्याची पोच प्लेला द्यावी लागते. तीन दिवसांत दिली नाही तर पैसे आपोआप गिऱ्हाइकाला परत जातात आणि खरेदी रद्द होते. “विक्री दिसते आणि तीन दिवसांनी गायब होते” या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. चाचणीच्या खात्यांवर हीच मुदत काही मिनिटांची असते, त्यामुळे तिथेच चूक पकडता येते. दुसरं, यूपीआयने पैसे भरताना व्यवहार ‘प्रलंबित’ राहू शकतो. त्या अवस्थेत कुलूप उघडायचं नाही आणि पोचही द्यायची नाही. तो पूर्ण झाला की मगच दोन्ही. पण ‘पैसे गेले’ असा बँकेचा एसएमएस आलेल्या माणसाला पडद्यावर काहीच दिसलं नाही तर तो दुसऱ्यांदा प्रयत्न करतो, म्हणून “पैसे पोचायची वाट बघत आहोत” अशी एक ओळ दाखवाच. तिसरं, पैसे भरताना फोन आला, ॲप मागे गेलं आणि बंद पडलं, तर खरेदीची बातमी ॲपला कळत नाही. उपाय सोपा: ॲप समोर आलं की प्रत्येक वेळी आधीच्या खरेदीची यादी प्लेकडून मागवायची. नवीन फोन घेतलेल्याचं कुलूपही त्यानेच उघडतं.

आतल्या विक्रीत भारतात आणखी एक पर्याय आहे: प्लेच्या बिलिंगशेजारी आपलं दुसरं बिलिंग ठेवायचं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्लेच्या बिलिंग धोरणावरून गूगलला 936 कोटी 44 लाखांचा दंड केला (मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो 216 कोटी 69 लाखांवर आणला), त्या वादातून ही वाट रुंद झाली. पण दुसऱ्या बिलिंगने पैसे आले तरी गूगलचं कमिशन फक्त 4 टक्क्यांनी घटतं, 15 चं 11. त्यातून पेमेंट गेटवेचे दोन-अडीच टक्के, रिफंडची उठाठेव आणि दुसरा हिशोब. छोट्याने या फंदात पडू नये.

पेड फळी योग्य ठरते ती थोड्यांनाच. नाव आधीच बाहेर गाजलेला खेळ, ठरावीक धंद्यातल्या लोकांना लागणारं महागडं हत्यार, किंवा जाहिरात-नोंदणी-इंटरनेट काहीच नको म्हणून पैसे मोजणारा पालक. गिऱ्हाईक आधीपासून ओळखतं अशा मालाला ती फळी चालते.

शेवटी, ज्यांचं ॲप आधीच पेड आहे आणि आता फुकट-अधिक-कुलूप असं करायचं आहे त्यांच्यासाठी. ॲपलच्या पावतीत गिऱ्हाइकाने मूळ कुठली आवृत्ती उतरवली ते मिळतं, त्यामुळे जुना गिऱ्हाईक ओळखता येतो. प्लेवर तशी सोय नाही. ॲप फुकट झालं की जुना आणि नवा सारखेच दिसतात. म्हणून किंमत शून्य करण्याआधी दोन-तीन महिने एक अपडेट द्या, जे लायसन्स तपासून जुन्या गिऱ्हाइकाची खूण सर्व्हरवर किंवा त्याच्या बॅकअपमध्ये ठेवेल. त्या काळात ज्यांनी ॲप उघडलंच नाही ते नंतर ऑर्डर नंबर घेऊन भांडायला येतील. त्यांना अभिप्रायाखाली 350 अक्षरांत उत्तर द्यायचं, मेलवर ऑर्डर नंबर पडताळायचा आणि ‘पूर्ण आवृत्ती’चा एक प्रोमो कोड पाठवायचा.